दुसऱ्याच्या मुलासाठी प्रार्थना

आमच्या आईने देवाकडे एक धर्मगुरू मागितला होता. तो कुणाच्या घरातून यावा, तेवढं सांगायचं तिच्याकडून राहून गेलं.

आमच्या धर्मग्रामात ‘पाचारण प्रार्थना मंडळ’ नावाचा बायकांचा एक गट आहे. पाचारण म्हणजे देवाने एखाद्याला फादर किंवा सिस्टर व्हायला बोलावणं. आमच्या चर्चमधून आजवर कुणालाही बोलावणं आलेलं नाही. त्यामुळे दर गुरुवारी संध्याकाळी या बायका जमतात, जपमाळ म्हणतात आणि देवाला आठवण करून देतात. आई मंडळाची अध्यक्ष. प्रार्थनेनंतर चहा असतो आणि चहाबरोबर कोणाचा मुलगा या कामासाठी लायक आहे याची चर्चा. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर तेव्हा शेजारणीचा मुलगा असतो.

अशात एका रविवारी जेवताना माझा धाकटा भाऊ म्हणाला, “मी सेमिनरीत जायचं म्हणतोय. फादर व्हायला.”

आईच्या हातातला चमचा सूपमध्ये पडला.

“कशाला?” ती म्हणाली. मंडळाच्या अध्यक्षांनी असा प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी.

“कशाला म्हणजे? देवाचं बोलावणं आल्यासारखं वाटतंय.”

“वाटतंय! मागच्या आठवड्यात तुला ताप आल्यासारखं वाटत होतं. तोही नव्हता.”

मग आईने बाबांकडे पाहिलं. बाबा टेलर आहेत. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन असतं आणि काम करताना तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला मत विचारता येत नाही, हे बाबांना लग्नानंतर लवकरच कळलं असावं. त्या दिवशी जेवण अर्धवट टाकून ते उठले आणि म्हणाले, “एका गिऱ्हाइकाची पँट राहिलीय.” रविवारी.

भावाने पुढे सांगितलं की तो घाईने काही ठरवणार नाही. पुढच्या महिन्यात युवा यात्रा आहे, तीन दिवस पायी चालत टेकडीवरच्या मारियामातेच्या मंदिरापर्यंत. चालता चालता विचार करीन आणि शेवटच्या दिवशी फादरना सांगीन.

संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावून घेतलं. भाऊ घरात नव्हता, तरी.

“तू जा त्याच्याबरोबर.”

“आई, ती युवा यात्रा आहे.”

“तिशीपर्यंत चालतं. तू एकोणतीसची आहेस.”

माझं लग्न हा विषय निघाला की वर्षानुवर्षं याच आईच्या मते माझं वय उलटून चाललेलं असायचं. त्या दिवशी मी एका मिनिटात युवा झाले.

“आणि जाऊन काय करू?”

“त्याच्या डोक्यातलं ते खूळ काढ.” मग जरा घाबरून तिने भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं. “पण देवाच्या विरोधात काही बोलू नकोस.”

घरातली असली कामं माझ्याकडेच येतात, कारण मी तक्रार विभागात आहे. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत. दिवसभर कानाला हेडफोन, समोर स्क्रीन आणि पलीकडे कुणीतरी माणूस, ज्याच्या बाथरूममध्ये पाणीच पाणी झालेलं असतं. मी न केलेल्या चुकांबद्दल दिलगिरी व्यक्त करते आणि त्याचा मला पगार मिळतो. आईला वाटतं, जी बाई ओरडणाऱ्या माणसाला फोनवर गार करू शकते ती भावाला सहज घरी आणेल. मी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी ‘तीर्थयात्रा’ म्हणाले, आणि ते इतके हसले की रजा मंजूर झाली.

*

निघायच्या सकाळी चर्चच्या आवारात सगळ्यांना पिवळे टी-शर्ट वाटले. पाठीवर लिहिलं होतं : ‘उठा, चाला, उजळा!’ माझ्या मापाचा नव्हता. मिळाला तो इतका मोठा होता की मी एकटीच तीन जणांइतकी उजळणार होते.

आमच्या तुकडीची प्रमुख एक स्वयंसेविका होती. एरवी ती कुठल्याशा शाळेत खेळ शिकवायची आणि गळ्यात शिट्टी होती. आम्ही तिला पहिल्या तासातच शिट्टीबाई म्हणू लागलो. उठायला शिट्टी, बसायला शिट्टी, पाणी प्यायला शिट्टी, प्रार्थनेला शिट्टी. देवाच्या बोलावण्याचा आवाज कसा असेल याबद्दल मला कुतूहल होतं, पण तो असा असेल तर लोक का जात नाहीत ते समजलं.

आणि टाळ्या. फादरनी प्रार्थना म्हटली की टाळ्या, कुणी आपलं नाव सांगितलं की टाळ्या. दुपारी सूपचं पातेलं आलं तेव्हाही टाळ्या झाल्या, आणि पातेलं आणणारा बिचारा लाजला.

मी भावाच्या शेजारी चालायला लागले आणि कामाला सुरुवात केली. कारखान्याच्या लांबच लांब भिंतीकडेने रस्ता होता आणि ऊन तोंडावर. सेमिनरीचे दुर्गुण सांगायला योग्य वातावरण.

“सेमिनरीत पहाटे उठवतात म्हणे.”

“मामाच्या दुकानाचं शटर मीच उघडतो ना रोज. पहाटेच.”

भाऊ वायरमनचं शिक्षण झाल्यापासून मामाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात होता. आईनेच त्याला तिथे लावलं होतं. दुकान आपलं, माणूस आपला, दुपारी जेवायला घरी येता येतं, अशी तिची कारणं.

“जेवण एकदम बेचव असतं. ताटात येईल ते गिळायचं.”

“हं.”

“कुठे जायचं, कुठे राहायचं, सगळं वरचे ठरवतात. तुला कुणी विचारणार नाही.”

तो हसला. “ताई, मला आत्ता कोण विचारतं?”

हे मला तेव्हा विनोदी वाटलं. मी हसले. कंपनीत आम्हाला शिकवतात की ग्राहक जे हसत सांगतो ते नीट ऐका. मी रजेवर होते.

“लग्न नाही करता येणार,” मी शेवटचं अस्त्र काढलं.

“तू तरी कुठे केलंयस?”

मी पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

*

संध्याकाळी आम्ही एका शाळेच्या हॉलमध्ये उतरलो. तिथे मी दुसरा उपाय योजला. तुकडीत एक मुलगी गिटार वाजवायची. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, हसरी, आणि भावाने तिच्या स्पीकरची वायर नीट करून दिल्यापासून त्याच्याशी बोलणारी. मी कामाला लागले. जेवताना जागा धरली ती त्या दोघांसाठी. पाव आणायला पाठवलं ते दोघांना. ताटं विसळायलाही दोघांनाच. एवढी मेहनत मी स्वतःसाठी कधी घेतली असती तर आज युवा यात्रेत नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी स्वतःहून माझ्याजवळ आली. “ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“नाही गं. बोल.” मी मनात आईला फोनही लावला होता.

“तुम्ही आम्हाला सारखं एकत्र बसवताय, ते मला खूप आवडलं. कारण तो एकटाच आहे ज्याच्याशी मला मोकळं बोलता येतं. मी परीक्षा झाली की कॉन्व्हेंटमध्ये जातेय. सिस्टर व्हायला.”

“अरे वा,” मी म्हणाले.

“कालपासून मी त्याला धीर देतेय. घाबरू नको म्हणते. घरच्यांना सुरुवातीला जड जातं, मग होतं सगळं ठीक.”

म्हणजे आदल्या संध्याकाळपासून मी भावाला सेमिनरीत ढकलायला एक शिकाऊ नर्स नेमली होती, आणि ती बिनपगारी, मन लावून काम करत होती. मी तिला शुभेच्छा दिल्या. आजूबाजूच्या दोघातिघांनी ते ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

दुपारच्या विश्रांतीत मी सरळ फादरनाच गाठलं. ते वाटेतल्या एका चर्चच्या मागच्या पायरीवर बादलीत पाय सोडून बसले होते. तरुण माणूस, चालण्याचा उत्साह भाषणात भरपूर, पण पायांना फोड आले होते.

“फादर, माझ्या भावाबद्दल बोलायचं होतं.”

“बसा. तुमच्या आईनेही फोन केला होता.”

“कधी?”

“काल सकाळी. काल रात्री. आज मिस्साच्या प्रार्थनेआधी.” त्यांनी पाय बादलीत हलवले. “म्हणाल्या, त्याला नापास करा. मी म्हटलं, बाई, ही ड्रायव्हिंगची परीक्षा नाही.”

आईने मला पाठवलं होतं ते पुरेसं नव्हतं तर. देवाच्या बाजूने आणि विरुद्ध बाजूने, दोन्हीकडून तिने माणसं लावून ठेवली होती.

“पण तुम्हाला काय वाटतं? त्याला खरंच बोलावणं आलंय?”

फादरनी एक पाय बादलीबाहेर काढून पायरीवर ठेवला. “त्याने मला सेमिनरीबद्दल एकच प्रश्न विचारला. देवाबद्दल नाही, अभ्यासाबद्दल नाही. घरचे भेटायला किती वेळा येऊ शकतात, एवढंच. मी सांगितलं, सुरुवातीला फार कमी. मला वाटलं, त्याला वाईट वाटेल.”

“मग?”

“त्याचा चेहरा असा काही उजळला की मला क्षणभर टी-शर्टवरचं वाक्य खरं वाटलं.”

*

दुपारनंतर ‘मौन चालणं’ होतं. पुढच्या गावापर्यंत कुणीही बोलायचं नाही, फक्त अंतःकरणात डोकावायचं. कालवा होता, कालव्याकडेने मातीची वाट होती, आणि आमची पिवळी रांग तोंड मिटून चालली होती. मी भावाच्या शर्टाची बाही धरून त्याला मागे खेचलं.

“खरं सांग,” मी कुजबुजले. “तुला देवाकडे जायचंय की घरातून जायचंय?”

पुढून शिट्टी वाजली. शिट्टीबाईचे कान भयंकर होते. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या आणि अंतःकरणात डोकावल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “तुला लिफ्टचं माहितीये ना?”

“कसली लिफ्ट?”

“आमचे शिकवणारे सर आहेत ना, ते लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत गेलेत. मला बोलावतायत. गावोगावी जायचं, नव्या इमारतीत लिफ्ट बसवायची, काम संपलं की पुढचं गाव. ताई, मला ते काम इतकं आवडतं! रिकामा खड्डा असतो, वरपर्यंत अंधार, आणि मग एक दिवस तो डबा वर जातो. कुठेही न अडखळता.”

त्याला एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणजे घरी नक्कीच नाही.

“मग जा ना! आईला सांगितलंस?”

“सांगितलं होतं. ती म्हणाली, उंचावरचं काम आहे, पडशील. मग म्हणाली, बाहेरचं खाऊन पोट बिघडेल. मग म्हणाली, मामाला काय वाटेल. मग दोन दिवस जेवली नाही. नवा शर्ट घ्यायचा तरी तिला विचारायचं असतं मला. मी बावीस वर्षांचा आहे.”

“पण म्हणून थेट सेमिनरी?”

“मी खूप विचार केला,” तो गंभीरपणे म्हणाला. “अशी कुठली जागा आहे जिथे जायला आई नाही म्हणूच शकत नाही? एकच सापडली. तिने स्वतःच मागितलेली.”

मला हसू आलं. मी तोंडावर हात दाबला, तरी ते नाकातून बाहेर आलं. पुन्हा शिट्टी. समोरच्या काही जणांनी वळून पाहिलं, आणि माझे खांदे हलताना पाहून त्यांना वाटलं मी रडतेय. एका मुलीने येऊन मला रुमाल दिला आणि मूकपणे माझ्या पाठीवर थोपटलं.

ती गेल्यावर मी म्हणाले, “अरे शहाण्या. घरी एकटी आई सांगते, हे कर ते करू नको. तिला टाळायला तू अशा ठिकाणी चाललायस जिथे जन्मभर सगळे सांगणार. वरचे फादर, त्यांच्या वरचे बिशप, त्यांच्याही वरचे. मोजे कुठले घालायचे तेसुद्धा काळेच.”

तो चालत राहिला. कालव्यात कुणाचं तरी प्लास्टिकचं डबडं तरंगत आमच्याबरोबर चाललं होतं.

“हे मी नव्हतं पाहिलं,” तो शेवटी म्हणाला.

“आणि देव? त्याला फसवायचं ठरवलंच होतंस म्हणजे.”

आता मात्र त्याचा चेहरा पडला. “तेच जड जातंय. काल प्रार्थनेच्या वेळी ती गिटारवाली शेजारी बसली होती. डोळे मिटले की ती कुठेतरी पोचायची, दिसायचंच ते. आणि मी बघत होतो की छतावरच्या पंख्याची वायर कुणी इतकी वाईट काढलीय. ताई, मी खोटारडा आहे.”

“खोटारडा नाहीस, वायरमन आहेस,” मी म्हणाले. “फादरना सांग. आजच.”

त्याने संध्याकाळी सांगितलं. फादरनी म्हणे त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले की आमच्या चर्चच्या घंटेची मोटर कधीची बंद आहे, जायच्या आधी बघून जाशील का. मी सुटकेचा श्वास सोडला. काम फत्ते. देवाच्या विरोधात एक शब्दही न बोलता मी मुलगा परत मिळवून दिला होता.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज मऊ होता, लोण्यासारखा.

“कसा आहे गं तो? चालून दमला नाही ना? त्याला फार त्रास देऊ नकोस तू.”

“आई, तुला एक चांगली बातमी—”

“आता फोनवर नको. उद्या भेटू आपण. शेवटच्या मिस्साला घरच्यांना बोलावलंय, आम्ही बस केलीय.”

“आम्ही म्हणजे?”

पण तिने ठेवून दिला होता. मला वाटलं, आईला आपोआप शहाणपण आलं. युवा यात्रेत माणूस काहीही मानायला लागतो.

*

तिसऱ्या दिवशी टेकडी चढून आम्ही मंदिराच्या आवारात पोचलो तेव्हा गेटजवळ बस उभी होती, आणि बसच्या पुढे पाचारण प्रार्थना मंडळ. सगळ्याच्या सगळ्या बायका, चांगले कपडे, हातात जपमाळा. आणि दोघींनी दोन टोकांना धरलेला एक लांबलचक कापडी फलक : ‘आमच्या धर्मग्रामाचं पहिलं पुष्प, प्रभूचरणी अर्पण.’

कडेची शिलाई मी लांबूनच ओळखली. बाबांची होती. दुहेरी टीप, कोपरे अगदी काटकोनात. टाचण्या तोंडात धरून त्या माणसाने मुकाट्याने हेही शिवून दिलं होतं.

भाऊ माझ्या शेजारी थांबला. “पुष्प कोण?” त्याने विचारलं.

मी फलकाकडून त्याच्याकडे पाहिलं.

नंतर कळलं ते असं. आम्ही निघालो त्या दिवशी गुरुवार होता. आईचा चेहरा बघून उपाध्यक्ष बाईंनी खोदून खोदून विचारलं, आणि आईच्या तोंडून गेलं. ती बिचारी दुःख सांगायला गेली होती. पण बायकांनी तिला मिठ्या मारल्या. कुणी रडली. कुणी म्हणाली, धन्य ती कूस. शुक्रवारी एकीने केक आणून दिला. बिशपांच्या ऑफिसमधून कुणीतरी अभिनंदनाचा फोन केला. इतकी वर्षं मंडळ चालवून आईचं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं, आणि घरात तर आम्ही कुणीच कधी केलं नव्हतं. त्या संध्याकाळपर्यंत ती धर्मगुरूची आई झाली होती.

ती पुढे आली, भावाला जवळ घेतलं, आणि लगेच पर्समधून मोजपट्टी काढली.

“सरळ उभा राहा. बाबांनी माप मागवलंय. पांढरं कापड आणून ठेवलंय, झगा घरीच शिवणारेत.”

“आई—”

“हात पसर.”

त्याने सवयीने हात पसरले. घामेजलेला पिवळा टी-शर्ट, दोन्ही बाजूंना पसरलेले हात, मागे टेकडीवरचा मोठा क्रूस. मंडळातल्या एकीने डोळे पुसले. आई पट्टी त्याच्या छातीभोवती फिरवत होती.

“आई, मी सेमिनरीत नाही जात आहे.”

“श्वास सोड. फुगवू नकोस.”

“आई, मी फादर होणार नाहीये. मी लिफ्टच्या कामावर जातोय. सरांना काल कळवलं.”

आईने खांद्याचं माप घेतलं. मग बाहीचं. मग पुन्हा बाहीचंच. मग पट्टी हातात धरून ती नुसती उभी राहिली. फलक धरलेल्या दोघींपैकी एकीचा हात खाली आला आणि ‘प्रभूचरणी’ जमिनीला टेकलं.

“ताईने सांगितलं तुला असं बोलायला?” तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर अशी होती जणू मला कुणी पाठवलं होतं हे तिला आठवतच नव्हतं.

“ताईने नाही. मीच तुला खोटं बोललो. बोलावणं वगैरे काही आलं नव्हतं. मला फक्त जायचं होतं, आणि तू दुसरीकडे कुठे जाऊ दिलं नसतंस.”

तो हे मोठ्याने बोलला नाही. पण सगळ्यांना ऐकू गेलं, कारण मंडळ एवढं शांत जपमाळेच्या वेळीही नसतं. आणि तो अजून हात पसरूनच उभा होता. खाली घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

आईचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं, आता रडेल. किंवा जेवणार नाही म्हणेल. माझ्या कामात मी एक ओळखायला शिकलेय: माणूस ओरडायच्या आधी एक श्वास घेतो. आईने तो घेतला.

तेवढ्यात उपाध्यक्ष बाई पुढे सरकल्या. त्यांना अध्यक्ष व्हायची फार वर्षांची इच्छा. “मला पहिल्यापासून वाटतच होतं हो,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या. “देव कुणाच्याही घराला असा मान देत नाही. मुलावर संस्कारही तसेच लागतात.”

आईने घेतलेला श्वास तसाच ठेवला आणि दिशा बदलली.

“तुमचाही आहे ना एक घरी?” ती म्हणाली. “संस्कारी? द्या की त्याला. बस उभीच आहे, माप मी आत्ता घेते.”

“अहो, त्याचं... त्याचं वेगळं आहे. त्याचं लग्न ठरतंय.”

“आणि तुमचा?” आई दुसरीकडे वळली. “आणि तुमचे तर दोन आहेत. एक ठेवा, एक द्या.”

दुसरीने जपमाळ पाहिली. तिसरीने फलकाची घडी घालायला घेतली. आई मोजपट्टी धरून एकेकीसमोरून गेली, आणि प्रत्येक घरात काही ना काही अडचण निघाली. एकाला दमा होता. एक अभ्यासात हुशार होता, म्हणजे तो वाया घालवता येण्यासारखा नव्हता, हे त्याची आई भर मंदिराच्या आवारात बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली.

“मग आपण इतकी वर्षं मागत काय होतो?” आईने विचारलं. उपाध्यक्ष बाईंना नाही, कुणालाच नाही. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

मिस्साची शिट्टी झाली. शिट्टीबाई धावत आमच्याकडे आली आणि काय झालंय ते न कळल्यामुळे तिने सवयीने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

“हात खाली घे आता,” आई भावाला म्हणाली. “दुखतील.”

*

मिस्सा झाला. गिटारवालीने फार सुंदर वाजवलं, आणि शेवटी फादरनी तिला पुढे बोलावून सांगितलं की ही कॉन्व्हेंटमध्ये जातेय. म्हणजे धर्मग्रामाला पुष्प मिळालं, फक्त कुणाच्या प्रार्थनेत नसलेलं. ती कुणाची मुलगी, याची मंडळात लगेच चौकशी सुरू झाली. तिचे आईवडील आले नव्हते. आई मात्र उठून तिच्याकडे गेली आणि तिचा हात धरून बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. काय, ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

परतीला आम्ही दोघं मंडळाच्या बसने निघालो. बसमध्ये कुणी आमच्याशी बोलत नव्हतं. केकचा डबा आमच्या मागच्या सीटवर न उघडता ठेवला होता. उपाध्यक्ष बाईंनी पुढे बसून जपमाळ सुरू केली. आई खिडकीशी, मध्ये भाऊ, कडेला मी. आई त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तो दोनदा काही म्हणायला गेला, दोन्ही वेळा तिने खिडकीबाहेरच्या शेताकडे फार लक्ष देऊन पाहिलं.

टेकडीचा उतार संपायच्या आत तो झोपला. तीन दिवसांचा थकवा, तोंड उघडं, आणि वळणावर त्याचं डोकं सरकत सरकत आईच्या खांद्यावर गेलं. आई आखडून बसली. तिने डोकं ढकललंही नाही आणि सावरलंही नाही. बस खड्ड्यात आदळली तेव्हा मात्र तिचा हात आपोआप वर आला आणि त्याच्या कपाळाला टेकून राहिला.

जपमाळेचा दुसरा भाग सुरू झाला. आई ओठ हलवत नव्हती.

“त्या लिफ्टवाल्यांकडे,” बऱ्याच वेळाने ती मला हळूच म्हणाली, “राहायची सोय बरी असते का गं?”

“मला काय माहीत?” मी म्हणाले. “उठला की त्यालाच विचार.”

“हं,” ती म्हणाली. मग तिने अवघडलेला खांदा किंचित खाली केला, त्याची मान नीट बसेल एवढाच.